ट्रेलरच्या अंगणातली मधुमालती

आमच्या घरापुढे अंगण नाही, यार्ड आहे. मुरूम टाकून दाबलेली मोठी मोकळी जागा, एका कोपऱ्यात जुन्या टायरांचा ढीग, दुसऱ्या कोपऱ्यात पत्र्याची ऑफिसची केबिन, आणि मधे जागा मिळेल तसे लावलेले ट्रेलर. पावसाळ्यात इथल्या डबक्यांवर डिझेलचे रंगीत तवंग येतात. अशा जागेत मी मधुमालती वाढवली, आणि ती नुसती जगली नाही तर फाटकावर चढून पलीकडच्या भिंतीवर उतरली. हे मी अभिमानाने सांगतेय आणि तो अभिमान लपवायचा माझा विचार नाही.

पनवेलच्या खाडीकडच्या बाजूला आमचं गाव. गाव आता नुसतं म्हणायला राहिलंय, चहूबाजूंनी बिल्डिंगा उठल्यात. सासरच्यांची इथे भातशेती होती आणि थोडं मिठागर. जमिनी गेल्या तेव्हा माझ्या नवऱ्याने एक ट्रेलर घेतला. न्हावा शेव्याहून कंटेनर उचलायचा आणि सांगतील तिथे पोचवायचा. एकाचे हळूहळू बरेच ट्रेलर झाले आणि भाताची खाचरं होती तिथे यार्ड झालं.

मी पुण्याची. वडील नोकरदार, आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत वाढलो. खिडकीतल्या कुंडीपलीकडे मी कधी माती हाताळली नव्हती. लग्नानंतरही पुष्कळ वर्षं घर, मुलगी, यार्डाची बिलं आणि ड्रायव्हरांचे चहा यांतच गेली. मुलगी कॉलेजात जायला लागली तशी दुपारी मला थोडी उसंत मिळाली, आणि मग समोरचं ते यार्ड डोळ्यांना खुपायला लागलं.

पेणला एका नातेवाइकांकडे जाऊन आम्ही परत येत होतो. कर्नाळ्याच्या खाली हायवेला नर्सऱ्या आहेत, तिथे नवऱ्याने चहासाठी गाडी थांबवली. एका नर्सरीच्या फाटकावर वेलीचा एवढा भार होता की फाटक दिसत नव्हतं. लाल, गुलाबी आणि पांढरी फुलं एकाच घोसात लोंबत होती. मी आत जाऊन नाव विचारलं.

"हनीसकल," नर्सरीवाला म्हणाला, आणि माझा चेहरा बघून हसला. "मधुमालती हो, ताई. गिऱ्हाइकं हनीसकल मागतात म्हणून पाटीवर तसं लिहिलंय. खरी हनीसकल वेगळी, तिला थंड हवा लागते. ही आपल्याकडची. उन्हाला घाबरत नाही, कुठेही लावा, मरत नाही."

मरत नाही हे त्याने दोनदा सांगितलं. माझी पहिली वेल उन्हाळा संपायच्या आत मेली.

आमच्या यार्डाला दोन फाटकं आहेत. एक गाड्यांचं, रुंद, आणि त्याला लागून एक छोटं माणसांचं. छोट्या फाटकाच्या खांबाशी मी हातभर खड्डा केला, रोप लावलं, आणि रोज संध्याकाळी बोअरिंगच्या पाण्याची बादली घालायला लागले. पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी दोन बादल्या केल्या. मग शेंडे वाळले, मग देठ काळे पडले.

सासूबाई ओटीवर बसून हे बघत होत्या. त्यांचं सगळं तरुणपण मिठागरावर डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहण्यात गेलेलं. झाड म्हणजे आंबा, नारळ, फार तर शेवगा, ज्याचं काही खाता येतं ते. फुलाच्या वेलीसाठी एवढा खटाटोप त्यांना पटतच नव्हता.

"या मातीत मीठ पिकतं, सूनबाय," त्या म्हणाल्या. "फुलं नाय पिकत. आमी जनमभर बघितलंय."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. मला समजावत होत्या. पण मला ते लागलं. त्या रात्री भांडी घासताना साबणाला फेस येईना, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ज्या बोअरिंगच्या पाण्याला आम्ही मचूळ म्हणून तोंड लावत नाही, ज्यात डाळ शिजत नाही, तेच पाणी मी त्या रोपाला हौसेने दुप्पट पाजत होते.

पुढच्या खेपेला मी तयारीनिशी उतरले. आधी खड्डा. कंबरेइतका खोल खणायचा ठरवला, कारण वरचा सगळा भर मुरूम आणि बांधकामाच्या राबिटाचा होता. पहार घेऊन मी सकाळी सुरुवात केली. नवरा केबिनमधून बाहेर आला.

"अगं, काय चाललंय? गड्याला सांगतो ना."

"गड्याला सांगाल आणि तो हातभर खणून जाईल. मला खोल हवाय."

"ड्रायव्हर लोक बघतायत."

"बघू देत."

त्याने थोडा वेळ डोकं खाजवलं आणि मग दुसरी पहार आणली. खालून विटांचे तुकडे निघाले, प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या, डिझेलचा वास मारणारी काळी माती निघाली. ती सगळी घमेल्याने बाहेर टाकली. तळाला फुटक्या कौलांचा थर दिला, म्हणजे पाणी साचून राहणार नाही. वर कर्नाळ्याकडून आणलेली लाल माती आणि जुनं शेणखत. खड्डा भरून झाला तेव्हा माझ्या तळहातांना फोड आले होते, आणि जेवताना मी ते नवऱ्याला मुद्दाम दाखवले.

प्रश्न राहिला पाण्याचा. नळाचं पाणी येतं ते थोडा वेळ, त्यात पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भरून घेईपर्यंत जातं. पण केबिनला एसी होता आणि त्याच्या नळीतून दिवसभर थेंब थेंब पाणी मुरमावर पडून वाया जात होतं. ते हवेतून निघालेलं पाणी, त्यात मीठ कुठलं असणार? मी नळीखाली बादली ठेवली. दुपारपर्यंत ती बऱ्यापैकी भरायची. उन्हाळ्यात तर ओतून पुन्हा ठेवायला लागायची. तांदूळ धुतलेलं पाणीही मी त्यातच टाकायचे. सासूबाईंना या एसीच्या पाण्याचं फार नवल वाटलं. "थंडीचं पानी," असं त्यांनी त्याचं नाव ठेवलं, आणि शेजारणी आल्या की बादलीकडे बोट करून सांगायच्या, "आमची सून थंडी गोला करते."

दुसरी वेल जगली. पावसाळ्यात तिने असा जोर धरला की मी सकाळी बांधलेला शेंडा संध्याकाळी काथ्याच्या पुढे गेलेला असायचा. मी बांबूची कमान उभी केली आणि फांद्या तिच्यावर वळवत गेले. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. कोवळी फांदी वाकते, पण उलट दिशेला वळवली तर कट्‌कन तुटते. तिला जिकडे जायचंय तिकडे थोडं जाऊ द्यायचं आणि मग हळूच आपल्या बाजूला आणायचं. जुन्या फांद्यांवर पानं गळाल्यावर देठाचे टोकदार आकडे राहतात. बेसावधपणे हात घातला की ते ओरबाडतात, आणि मी कितीतरी दिवस मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे घेऊन वावरत होते.

पहिल्या वर्षी नुसती पानं. सासूबाई रोज संध्याकाळी फाटकाकडे एक नजर टाकायच्या. दुसऱ्या उन्हाळ्यात, दिवेलागणीच्या वेळी, मी केबिनमधली बिलं आवरून बाहेर आले आणि सासूबाईंनी मला हाक मारली.

"इकरं ये गो. वास कसला येतो?"

फाटकाच्या वरच्या बाजूला एक घोस उमलला होता. लांब नळीच्या टोकाला पांढरीशुभ्र, जरा मान खाली घातलेली फुलं. दोन ट्रेलर नुकतेच आत येऊन लागले होते, हवेत डिझेलचा धूर होता, आणि त्यातूनही तो गोड वास ओटीपर्यंत पोचत होता. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फुलं गुलाबी झाली आणि त्याच्या पुढच्या दिवशी लाल. सासूबाईंना वाटलं नवीन आली असतील. म्हणून मी एका संध्याकाळी नव्या पांढऱ्या घोसाला दोरा बांधून ठेवला आणि सकाळी तोच गुलाबी झालेला त्यांना दाखवला. त्यांनी ते फूल बोटात धरून नीट पाहिलं.

"मीठ पन असंच," त्या म्हणाल्या. "आदी लालसर दिसतं, मंग पांढरं होतं. हिचं उलटं हाय."

तेव्हापासून वेल दोघींची झाली.

नंतरच्या पावसाळ्यात वेलीवर संकट आलं. आदल्या दिवसापासून झड लागली होती. आमचा एक जुना ड्रायव्हर, बीडकडचा, फार सावध माणूस, रिकामा ट्रेलर मागे घेत होता. मागे उभं राहून नवरा हात दाखवत होता. "येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे," हे मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. मग काहीतरी फाटल्यासारखा मोठा आवाज आला.

मी धावत बाहेर गेले. ट्रेलरचा मागचा कोपरा कमानीत अडकला होता. बांबू मोडून पडले होते, वेल उभी फाटून चिखलात गेली होती, आणि मुळाशी मुख्य खोड चिरलं होतं. ड्रायव्हर केबिनमधून खाली उतरला आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. पावसात त्याचा चेहरा निथळत होता.

"वहिनी, आरशात दिसलंच नाही बघा. माझ्या हातून झालं."

"तुझ्या हातून नाही," मी म्हणाले. "तुला मागून कुणीतरी येऊ दे म्हणत होतं."

नवऱ्याने टोपी काढून पिळली आणि परत घातली. मी आत निघून गेले. रडले नाही, पण दोन-तीनदा खिडकीपाशी जाऊन परत आले.

पाऊस थांबल्यावर मी आरी घेऊन बाहेर गेले. वर लोंबत होतं ते सगळं कापलं, आणि चिरलेलं खोड गुडघ्याच्या खाली, जिथे लाकूड धड होतं तिथपर्यंत छाटलं. कापल्या जागी हळदीचा लेप लावला. राहिला तो एक खुंट. सासूबाई छत्री धरून शेजारी उभ्या होत्या.

"मेली काय गो?"

"माहीत नाही, आई. मुळं धड आहेत. बघू."

त्यानंतर जे झालं ते मी सांगितलं नव्हतं आणि मागितलंही नव्हतं. सकाळी चहा घेऊन बाहेर आले तर सासूबाई आपली प्लास्टिकची खुर्ची त्या खुंटाजवळ घेऊन बसल्या होत्या, हातात काठी. गाडी आत यायला लागली की त्या काठी आडवी धरायच्या. मोठमोठे ट्रेलर त्या काठीपुढे थांबायचे. "तिकरं ने. अजून तिकरं. हितं नाय," असं त्या सांगायच्या आणि ड्रायव्हर मुकाट्याने स्टिअरिंग फिरवायचे. जेवायला आत गेल्या तरी खुर्ची तिथेच ठेवायच्या, जागा अडवायला. पाऊस आला तर छत्री घेऊन बसायच्या. शेजारच्या एका बाईने वेलीखाली साप येतात असं सांगून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "येऊ दे. ट्रेलरपरीस साप बरा."

नवऱ्याने आपल्या परीने केलं. एका रविवारी तो सकाळपासून वेल्डिंग मशीन घेऊन बसला. जुन्या ट्रेलरच्या चॅनलचे तुकडे आणि जाड पाइप जोडून त्याने लोखंडी कमान तयार केली, तिचे पाय काँक्रीटमध्ये गाडले, आणि खुंटाच्या पुढे एक लोखंडी खांब रोवला. बंदरात कोपऱ्यांवर असतात तसे त्याला पिवळे-काळे पट्टे दिले. कमानीवर गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइड मारलं आणि वर हिरवा रंग. मग मला बोलावून म्हणाला, "आता याच्यावर ट्रेलर आपटला तर ट्रेलरच मोडेल."

मी कमान हलवून बघितली. ती तसूभरही हलली नाही. "चांगली झालीय," मी म्हणाले. तो दिवसभर खूश होता.

खुंटाच्या बुडाशी, जिथे खोड मातीत शिरतं तिथून, लालसर कोंब फुटले. एक नाही, बरेच. त्यांतले जाडजूड तेवढे ठेवले आणि बाकीचे काढून टाकले. त्यातूनच मला कळलं की या वेलीला कापण्याची भीती नसते. फुलं नव्या फुटीवर येतात, जुन्या लाकडावर नाही. आता दरवर्षी थंडी सरताना मी शिडीवर चढून तिला निम्म्याने उतरवते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा सासूबाई माझ्याशी बोलेनात. उन्हाळ्यात फुलांनी कमान झाकून गेली तेव्हा त्या स्वतःच जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगायला लागल्या, "कापावी लागते. कापल्याबिगर येत नाय."

मुलीचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. आमच्याकडे हळदीचा थाट लग्नापेक्षा मोठा असतो. यार्डातले सगळे ट्रेलर बाहेर रस्त्याला लावले, मुरमावर गालिचे घातले, मांडव घातला. दुपारी डेकोरेटरचा माणूस थर्माकोल आणि प्लास्टिकच्या फुलांची कमान घेऊन आला आणि छोट्या फाटकापाशी शिडी लावायला लागला. सासूबाई आता फारशा चालत नाहीत, पण खुर्ची दारातच होती.

"ती कुठं लावतोस?"

"गेटला, आजी. ही वेल जरा मागे बांधून घेतो. वरच्या दोन-चार फांद्या छाटल्या की बसेल."

"वेलीला हात लावलास तर तुजी कमान मी खाडीत टाकीन."

तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, "मांडवात लावा ती. इथे काही लागत नाही."

संध्याकाळी हळदीला मुलाकडची मंडळी यायच्या वेळेला फुलं उमलायला लागली. आदल्या दिवशीची गुलाबी, त्याआधीची लाल, आणि आत्ताची पांढरी, सगळी एकाच कमानीवर. मांडवात म्हाताऱ्या बायकांनी धवले, आमच्याकडची लग्नाची गाणी, म्हणायला सुरुवात केली होती. मुलाची आई फाटकातून आत येताना थांबली, मान वर करून बघत राहिली आणि म्हणाली, "किती सुंदर सजवलंय. कुणाला दिलं होतं काम?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई बोलल्या. "माज्या सुनंनं सजवलंय. लय वरसं लागली."

मला लग्नात पुष्कळ जणांनी पुष्कळ चांगलं म्हटलं. जेवण चांगलं होतं, मुलगी छान दिसत होती, व्यवस्था नीट होती. त्यातलं मला थोडंच आठवतं. हे वाक्य मात्र त्यांच्या आवाजासकट आठवतं. त्या संध्याकाळी हळद लावताना मी एकाच गालाला पुन्हा पुन्हा लावत होते आणि मुलगी विचारत होती, "आई, काय झालं?"

दरवर्षी छाटणी झाली की मी फांद्यांचे वीतभर तुकडे करते आणि दुधाच्या पिशव्यांत लावते. त्यांतले बरेच धरतात. मागेल त्याला देते. आमच्या गल्लीत बऱ्याच फाटकांवर आता मधुमालती आहे, पलीकडच्या सोसायटीच्या कुंपणावर आहे, देवळाच्या मागे आहे. मुलीने गॅलरीत मोठ्या कुंडीत लावलीय. तो जुना ड्रायव्हर एक रोप ट्रेलरच्या केबिनमध्ये पायाशी ठेवून बीडला घेऊन गेला, तिथे त्याच्या बायकोने ते विहिरीजवळ लावलं. संध्याकाळी फेरी मारायला निघाले की मला वासावरून कळतं, कोणाचं फाटक आलं ते.

परवाच फेरी मारताना सोसायटीच्या कुंपणापाशी थांबले. नवीन राहायला आलेली एक तरुण मुलगी, ऑफिसातून आल्यावरच्या कपड्यांतच, वेलीच्या फांद्या तारेला बांधत होती. फांदी उलटी वळवत होती. तिने वर बघितलं.

"काकू, आवडली का? मधुमालती आहे. फार सोपी वेल आहे, कुठेही येते."

"हो का?" मी म्हणाले.

"तुमच्याकडे जागा आहे का लावायला? फांदी देऊ? फक्त खारं पाणी घालू नका. हे मला इथल्या वॉचमननी सांगितलं. इकडे सगळ्यांना माहीत आहे म्हणे."

मी हात पुढे केला. तिने एक चांगली जून फांदी कापून दिली, पानं काढून, कागदात गुंडाळून. मी तिचे आभार मानले आणि घरी आल्यावर ती फांदी पिशवीत माती भरून लावली. केबिनच्या मागच्या भिंतीला अजून जागा आहे.